दुपारचा व्होल्टेज जुळत नाही? आधी मॉडेलमधला सूर्य बंद करा

लक्षण नेहमीचंच. लघुदाब वाहिनीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून घरांपर्यंतच्या तारांचं, संगणकातलं मॉडेल तयार असतं, छतांवरचे सौर संच त्यात टाकलेले असतात, लोड फ्लो (ठिकठिकाणचा व्होल्टेज आणि प्रवाह काढणारं गणित) बिनतक्रार चालत असतो. मग कुणीतरी वाहिनीच्या टोकाच्या घरातल्या मीटरची नोंद आणून शेजारी ठेवतं. दुपारी 1 वाजता मॉडेल 238 व्होल्ट दाखवतं आणि मीटर 252. चौदा व्होल्टचा फरक! या मॉडेलच्या भरवशावर आणखी किती सौर संच जोडता येतील हे सांगायचं होतं, आणि इथे आहेत त्याच संचांचा व्होल्टेज चुकतोय.

यावर बहुतेकांचा पहिला हात पॅनेलच्या आकड्यांवर पडतो. कार्यक्षमता वाढव, प्रारणाची (पॅनेलवर पडणाऱ्या उन्हाची) दुसरी फाइल आण, उतार दोन अंशांनी बदल. मीही वर्षानुवर्षं हेच करत आलो. ही सरळसरळ आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत आहे. माझ्याकडे आलेल्या अशा तक्रारींत सौर संचाचं मॉडेल मूळ गुन्हेगार निघाल्याचे प्रसंग थोडे. दुपारी चूक दिसते एवढ्यावरून ती दुपारचीच आहे असं ठरत नाही. बऱ्याचदा ती चोवीस तास तिथेच बसलेली असते, फक्त रात्री तिच्याकडे कुणी बघत नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे मॉडेलमधला सूर्य बंद करायचा आणि पहाटे 3 चा व्होल्टेज जुळवायचा.

पहाटे तीनची परीक्षा

पहाटे 3 ला सौर उत्पादन शून्य असतं, वापर कमी असतो, तारांमधली घट किरकोळ असते. अशा वेळी टोकाचा व्होल्टेज आणि ट्रान्सफॉर्मरपाशी असलेला व्होल्टेज जवळजवळ सारखेच हवेत. मॉडेल आणि मीटर यांच्यात आत्ताही पाच-सहा व्होल्टचा फरक पडत असेल तर तो सूर्याचा नाही, तारेचाही नाही. तो ट्रान्सफॉर्मरचा किंवा त्याच्याही वरच्या उच्चदाब बाजूचा आहे.

इथे सगळ्यांत जास्त वेळा सापडणारी चूक म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा दुय्यम व्होल्टेज. पाटीवर 11 केव्ही / 433 व्होल्ट असं लिहिलेलं असतं आणि मॉडेल बनवणारा सवयीने 400 टाकतो. 433 ला 3 च्या वर्गमुळाने भागलं की फेज-न्यूट्रल 250 व्होल्ट येतात. 400 ला भागलं की 231. म्हणजे भार नसताना 19 व्होल्टची तफावत, जवळपास 8 टक्के. 230 व्होल्टच्या जाळ्याला वर जेमतेम 10 टक्क्यांची मोकळीक असते. त्यातले 8 टक्के पाटी न वाचल्यामुळेच गेले, तर सौर ऊर्जेसाठी किती जागा उरली हा प्रश्न विचारण्यातच अर्थ नाही. 433 हा आकडा काही चुकून आलेला नाही. पूर्ण भारावर ट्रान्सफॉर्मरच्या आत आणि तारांमध्ये होणारी घट आधीच भरून काढण्यासाठी तो मुद्दाम वर ठेवलेला आहे. ही पद्धत पडली तेव्हा वीज एकाच दिशेने वाहत होती.

दुसरा संशयित टॅप, म्हणजे गुंडाळीचे वेढे कमी-जास्त करून व्होल्टेज बदलायची ट्रान्सफॉर्मरवरची सोय. वितरण ट्रान्सफॉर्मरचा टॅप सहसा वीज बंद करूनच बदलता येतो आणि त्याच्या पायऱ्या बहुधा अडीच-अडीच टक्क्यांच्या असतात. एका पायरीला सुमारे 6 व्होल्ट. कुणीतरी कधीकाळी उन्हाळ्यातल्या संध्याकाळच्या तक्रारींमुळे तो वर नेलेला असतो आणि त्याची नोंद कुठेच नसते. जागेवर जाऊन बघण्याला पर्याय नाही. पण बघून आल्यावरही एक खड्डा आहे. टॅप उच्चदाब गुंडाळीवर असतो. त्या बाजूचे वेढे कमी केले की लघुदाबाचा व्होल्टेज वाढतो. ओपनडीएसएस या वितरण जाळ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उच्चदाब गुंडाळीचा टॅप 0.975 केला तर खालचा व्होल्टेज वर जातो. ‘वाढवलाय’ म्हणून 1.025 टाकणारा माणूस उलट्या दिशेला जातो आणि दोन्हींतला फरक होतो 5 टक्क्यांचा. पँडापॉवर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टॅपची बाजू आणि स्थान वेगवेगळे द्यावे लागतात, पण गोंधळ तोच. चिन्हाबद्दल शंका असेल तर मॅन्युअल चाळत बसू नका. टॅप एक पायरी हलवा, लोड फ्लो चालवा, व्होल्टेज कुठे गेला ते बघा.

तिसरी गोष्ट स्रोताच्या व्होल्टेजची. मॉडेलमधला स्रोत दिवसभर 1.0 पर युनिटवर (ठरलेल्या व्होल्टेजच्या बरोबर एक पटीवर) खिळे ठोकून बसवलेला असतो. खरा उच्चदाब व्होल्टेज भारानुसार हलतो, आणि त्याच उच्चदाब वाहिनीवर आणखी सौर संच असतील तर दुपारी तोही चढतो. ट्रान्सफॉर्मरच्या लघुदाब बाजूला मीटर असेल तर त्याची नोंद हाच स्रोत धरा आणि वरचं सगळं मॉडेलबाहेर काढा. कमी मॉडेल, कमी भानगडी.

सुरुवातीला सांगितलेल्या चौदा व्होल्टच्या प्रकरणात पहाटेच सहा व्होल्टचा फरक दिसत होता. टॅप एक पायरी वर होता, बस्स. उरले आठ.

न्यूट्रल नसलेलं मॉडेल

पहाट जुळली आणि दुपार तरीही जुळत नसेल तर माझा पुढचा संशय फेज आणि न्यूट्रलवर. या भागाला जास्त वेळ द्या, कारण इथली चूक लहान दिसते आणि मोठी निघते.

हिशेबासाठी एक वाहिनी धरू. 95 चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम तार, 300 मीटर लांब. 20 अंश सेल्सिअसला तिचा रोध किलोमीटरला 0.32 ओहम, म्हणजे आपल्या लांबीला 0.096 ओहम. टोकाला 15 किलोवॅट सौर उत्पादन आहे आणि वापर शून्य आहे असं समजा. हे 15 किलोवॅट तिन्ही फेजवर समान वाटले तर प्रत्येक फेजवर 5 किलोवॅट, सुमारे 22 अँपिअर. न्यूट्रलमध्ये प्रवाह नाही. व्होल्टेज वाढतो 2.1 व्होल्टने. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आता तेच 15 किलोवॅट एकाच फेजवर टाका. ही कल्पनाविलासाची गोष्ट नाही. शेजारच्या तीन घरांनी 5-5 किलोवॅटचे एकफेजी संच लावले आणि तिन्ही घरं आर फेजवर (तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात) निघाली की झालं. प्रवाह 65 अँपिअर, जायचा फेजमधून आणि परतायचा न्यूट्रलमधून. न्यूट्रल त्याच जाडीचा धरला तर वाटेतला रोध दुप्पट, 0.192 ओहम. व्होल्टेज वाढतो 12.5 व्होल्टने. तार तीच, शक्ती तीच आणि वाढ सहापट: प्रवाह तिप्पट आणि रोध दुप्पट.

एवढ्यावरच थांबत नाही. टोकाचा न्यूट्रल आता सव्वासहा व्होल्टने सरकलेला असतो. त्यामुळे वाय आणि बी फेजवरच्या घरांना मिळणारा व्होल्टेज उलट सुमारे 3 व्होल्टने कमी होतो. म्हणजे एकाच खांबावर एका घरात 250 च्या पुढे आणि शेजारच्या घरात रात्रीपेक्षाही कमी. मीटरच्या नोंदींमध्ये हे चित्र दिसलं की लोक म्हणतात, ‘एक मीटर बिघडलाय.’ मीटर ठणठणीत असतो. न्यूट्रल हललेला असतो.

हे मॉडेलमध्ये का दिसत नाही? दोन कारणं. पहिलं उघड आहे: मॉडेल संतुलित धरून, एकाच फेजचं काढलेलं असतं. दुसरं लपलेलं आहे. चार तारांचं मॉडेल तीन तारांत आणताना क्रॉन रिडक्शन नावाची गणिती रीत वापरतात. त्यात न्यूट्रल प्रत्येक ठिकाणी पक्का जमिनीला जोडलेला आहे आणि त्याचा व्होल्टेज शून्य आहे असं गृहीत असतं. उच्चदाब वाहिनीवर, जागोजागी भू-जोडणी असेल तिथे हे चालून जातं. लघुदाबावर न्यूट्रल फक्त ट्रान्सफॉर्मरपाशी किंवा मोजक्या ठिकाणी जमिनीला जोडलेला असेल तर ते चालत नाही, कारण जो परिणाम बघायचा आहे तोच गृहीतकाने पुसून टाकलेला असतो. ओपनडीएसएसच्या लाइन जॉमेट्रीमध्ये रिड्यूसचा पर्याय ‘यस’ असेल तर तो काढा आणि न्यूट्रलला चौथा नोड (जोडबिंदू) म्हणून ठेवा. मग प्रत्येक लोड आणि प्रत्येक सौर संच फेज आणि न्यूट्रल या दोन नोडांमध्ये जोडा. इथे आळस केला आणि संच फेज व जमीन यांच्यात जोडला गेला तर चार तारा काढूनही न्यूट्रलमध्ये प्रवाह दिसणारच नाही. मी एकदा अख्खा दिवस या चुकीपायी घालवला आहे. न्यूट्रलचा प्रवाह बरोब्बर शून्य येतोय हे बघून आधी आनंदच झाला होता.

पण कोणतं घर कोणत्या फेजवर आहे हे माहीतच नसेल तर? बहुतेक वेळा नसतंच. नकाशात वाहिनी असते, खांब असतात, फेजचा रकाना रिकामा असतो किंवा सगळीकडे ‘आरवायबी’ लिहिलेलं असतं. स्मार्ट मीटरच्या नोंदी असतील तर त्यांच्यावरून फेज ओळखता येते. एका फेजवरच्या घरांचे व्होल्टेज एका लयीत वरखाली होतात. मात्र थेट व्होल्टेजची तुलना करू नका. उच्चदाबाकडून येणारी चढउतार तिन्ही फेजवर सारखीच असते, त्यामुळे सगळीच घरं एकमेकांची भावंडं वाटतात. आधी सलग दोन नोंदींमधला फरक काढा, त्यातून सगळ्या मीटरचा सरासरी बदल वजा करा, आणि मग जोड्याजोड्यांचा सहसंबंध बघा. गट आपोआप पडतात. यातून तीन गट मिळतात, फेजची नावं नव्हे, पण मॉडेलला तेवढं पुरतं. त्रिफेजी मीटरवर छापलेल्या एक, दोन, तीन या क्रमावर विसंबू नका. जोडणाऱ्याने तारा कोणत्या क्रमाने लावल्या हे त्याचं त्यालाच ठाऊक.

खांबापासून घरापर्यंतची तार

नकाशातून हमखास गळालेली वस्तू म्हणजे सर्व्हिस वायर. मुख्य वाहिनीच्या मानाने ती इतकी आखूड असते की तिला कोण विचारतो! पण ती बारीकही असते. 10 चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध किलोमीटरला 1.83 ओहम. 30 मीटरची तार, जाऊन-येऊन 0.11 ओहम. 5 किलोवॅट निर्यात करताना 21.7 अँपिअर, म्हणजे या एका तुकड्यात 2.4 व्होल्टची वाढ. वरच्या उदाहरणात संतुलित 15 किलोवॅटने तीनशे मीटरच्या वाहिनीत जेवढी वाढ झाली त्यापेक्षा ही जास्त आहे. मीटर घरात असतो, इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करणारं यंत्र) व्होल्टेज घरातच मोजतो आणि मॉडेल मात्र खांबावर संपतं. मग दोघांचं पटणार कसं?

जाता जाता तापमान. कोष्टकातला रोध 20 अंशांचा असतो. ॲल्युमिनियमचा रोध अंशागणिक 0.4 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तार 60 अंशांवर गेली की 16 टक्के जास्त. सौर उत्पादनाचं शिखर आणि तापलेली तार या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, त्यामुळे दुपारच्या अभ्यासाला 20 अंशांचा आकडा वापरणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं. माझ्या त्या प्रकरणातले उरलेले आठ व्होल्ट न्यूट्रल, सर्व्हिस वायर आणि हे तापमान अशा तिघांनी मिळून खाल्ले होते. पॅनेलच्या एकाही आकड्याला हात लावावा लागला नाही.

उलट्या दिशेची तक्रार: मॉडेल जास्त दाखवतंय

कधी मॉडेलच मीटरच्या वर जातं. संध्याकाळ छान जुळते, दुपार फुगलेली. यात पहिला प्रश्न असा विचारायचा: लोडचा आलेख कुठून आणला? तो ट्रान्सफॉर्मरच्या किंवा घराच्या निव्वळ मीटरवरून आणला असेल तर त्यात दुपारचं सौर उत्पादन आधीच वजा झालेलं आहे. त्यात तुम्ही पुन्हा सौर संच टाकलात तर तेच ऊन दोनदा मोजलं जातं. ओळखायची खूण सोपी आहे. सौर संच काढून टाका आणि नुसत्या लोडचा आलेख बघा. दुपारी त्याला खोलगट पोट पडलं असेल, किंवा तो शून्याखाली जात असेल, तर तो निव्वळ आहे. ढगाळ दिवसाशी तुलना केली की शंकाच उरत नाही.

याचंच भावंड म्हणजे सौर संच ‘ऋण लोड’ म्हणून टाकणं. पटकन करायला सोपं पडतं, पण ओपनडीएसएसमध्ये लोडमल्ट (सगळ्या लोडना गुणणारा आकडा) बदलला की तुमचा ऋण लोडही सोबत वाढतो. मागणी 20 टक्के वाढली तर काय होईल हे बघायला गेलात आणि ऊनही 20 टक्के वाढलं. सौर संचाला त्याचाच घटक वापरा. पँडापॉवरमध्ये लोड धन म्हणजे वापर आणि स्टॅटिक जनरेटर धन म्हणजे उत्पादन. एकाची फाइल दुसऱ्याला दिली तर दुपारी व्होल्टेज खाली जाईल. ही चूक मात्र लगेच उघडी पडते म्हणून ती त्यातल्या त्यात सभ्य.

आणखी एक बारकावा. ओपनडीएसएसमधला सौर संच 0.9 ते 1.1 पर युनिट या पट्ट्यातच स्थिर शक्ती देतो. बाहेर गेला की स्थिर इम्पीडन्ससारखा वागतो, म्हणजे व्होल्टेजसोबत त्याची शक्तीही बदलते. साध्या लोडचा मूळ पट्टा तर 0.95 ते 1.05 एवढाच आहे. आपण मुद्दाम 1.05 च्या वरचे व्होल्टेज अभ्यासत असतो, त्यामुळे लोडचं रूप नेमकं आपल्याला हव्या त्या वेळी गुपचूप बदललेलं असतं. पट्टा रुंद करा, म्हणजे निदान काय चाललंय ते कळेल.

आता सूर्याकडे वळा

इतकं झाल्यावरही दुपारचा आकार पटत नसेल तरच सौर मॉडेल उघडायचं. आणि ते उघडल्यावरही आधी घड्याळ.

प्रारणाची माहिती बऱ्याचदा यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेत असते, लोडची स्थानिक वेळेत. त्यात ज्या प्रदेशात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात तिथे अर्धं वर्ष जुळतं आणि अर्धं वर्ष जुळत नाही. तपासायची रीत अशी: एक निरभ्र दिवस निवडा, दक्षिणोत्तर रेषेच्या दोन्ही अंगांना सारखंच ऊन घेणारा संच असेल तर उत्पादनाचा मध्यबिंदू त्या जागेच्या सौर मध्यान्हाशी जुळायला हवा. सौर मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. वेळेच्या प्रमाण रेखांशापासून प्रत्येक अंशाला 4 मिनिटं सरकतात, शिवाय वर्षभरात सूर्य घड्याळाच्या पंधराएक मिनिटं मागेपुढे होतो. अर्ध्या तासाचा सरळ फरक दिसला तर दुसरा संशय घ्या: तासाची सरासरी तासाच्या सुरुवातीला नोंदवली आहे की शेवटी? एका फाइलमध्ये 12:00 म्हणजे 11 ते 12, दुसरीत 12 ते 1.

घड्याळानंतर दिशा. युरोपीय आयोगाच्या पीव्हीजीआयएस या सौर उत्पादनाच्या साधनात दक्षिण म्हणजे 0 अंश, पश्चिम 90, पूर्व उणे 90. पायथनच्या पीव्हीलिबमध्ये उत्तर 0 आणि दक्षिण 180. एकीकडचा आकडा हाताने दुसरीकडे टाकला की दक्षिणेकडे तोंड केलेला संच उत्तरेकडे तोंड करून बसतो. विषुववृत्ताच्या उत्तरेला, उतार कमी असेल तर उन्हाळ्यात हे लक्षातही येत नाही, कारण सूर्य डोक्यावरच असतो. हिवाळ्यात उत्पादन कोसळतं आणि मग लोक धुळीला दोष देतात.

मग तापमान. पॅनेलवर लिहिलेली शक्ती चौरस मीटरला 1000 वॅट प्रारण आणि 25 अंश सेल तापमान अशा प्रयोगशाळेतल्या स्थितीतली असते. बाहेर 35 अंश हवा आणि 1000 वॅट ऊन असताना सेल केवढा तापतो? पॅनेलचं नॉक्ट (20 अंश हवेत आणि 800 वॅट उन्हात सेलचं तापमान) 45 अंश असेल तर 25 भागिले 800 गुणिले 1000, म्हणजे हवेपेक्षा 31 अंश जास्त: एकूण 66. अंशाला 0.4 टक्के घट धरली तर 16 टक्के शक्ती गेली. 10 किलोवॅटचा संच 8.4 वर आला, तोही इन्व्हर्टर आणि तारांचा खर्च न धरता. मॉडेल कडक उन्हात पूर्ण 10 देत असेल तर तापमानाचा आलेख जोडलेलाच नाही.

निरभ्र दुपारी मीटरचा आलेख वरून कापल्यासारखा सपाट दिसतो आणि मॉडेलचा गोल येतो, तर पॅनेलची क्षमता इन्व्हर्टरपेक्षा जास्त आहे. हे चुकून नव्हे, हिशेब करूनच केलेलं असतं. इन्व्हर्टरचा केव्हीए (त्याची एकूण क्षमता) वेगळा टाका. ओपनडीएसएसमध्ये सकाळ-संध्याकाळ उत्पादन एकदम उभ्या कड्यासारखं सुरू होत-थांबत असेल तर कट-इन आणि कट-आउट (सुरू आणि बंद होण्याच्या मर्यादा) तपासा. मूळ मूल्य केव्हीएच्या 20 टक्के आहे. प्रत्यक्षातला इन्व्हर्टर त्याच्या कितीतरी आधी जागा होतो.

ढगांबद्दल एवढंच: तासाच्या सरासरीवर चालवलेलं मॉडेल आणि 10 मिनिटांच्या सरासरीवर मोजलेला व्होल्टेज यांची तुलना करू नका. युरोपातलं ईएन 50160 मानक 10 मिनिटांच्याच सरासरीवर बोलतं, आठवड्यातल्या 95 टक्के सरासऱ्या 10 टक्क्यांच्या आत हव्यात असं. तासाच्या सरासरीत ही टोकं बोथट होतात. ढगाच्या कडेवरून परावर्तित ऊन मिळून काही क्षण निरभ्र आकाशापेक्षाही जास्त प्रारण येतं, ते तर तासाच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

सॉफ्टवेअरच गोल गोल फिरतंय

ही तक्रार वेगळी, पण हल्ली सर्वांत जास्त येते. इन्व्हर्टरला व्होल्ट-वॅट (व्होल्टेज चढला की शक्ती कमी करणारं) किंवा व्होल्ट-व्हार (प्रतिघाती, म्हणजे रिॲक्टिव्ह, शक्तीने व्होल्टेज सावरणारं) नियंत्रण लावलं की ‘मॅक्स कंट्रोल इटरेशन्स एक्सीडेड’ अशी सूचना येते. लोक फेऱ्यांची मर्यादा दहावरून शंभर करतात. शंभर फेऱ्यांनीही काही होत नाही, कारण उत्तर जवळ येतच नसतं.

वरचीच वाहिनी घ्या. एका फेजवर 15 किलोवॅट, पूर्ण शक्तीला व्होल्टेज 0.0544 पर युनिटने वाढतो. आयट्रिपलई 1547-2018 या अमेरिकी मानकातला व्होल्ट-वॅटचा मूळ वक्र 1.06 पर्यंत पूर्ण शक्ती देतो आणि 1.10 ला 20 टक्क्यांवर आणतो, म्हणजे त्याचा उतार 20. दोघांचा गुणाकार 1.09. एकाच्या वर गेला, इथेच मेख आहे.

प्रत्यक्ष बघा. समजा पूर्ण शक्तीला व्होल्टेज 1.09 आहे. वक्र म्हणतो, शक्ती 40 टक्के करा. केली, व्होल्टेज 1.057 वर आला. वक्र म्हणतो, आता 1.06 च्या आत आहात, पूर्ण शक्ती द्या. दिली, पुन्हा 1.09. मॉडेल 15 आणि 6 किलोवॅट यांच्यात झोके घेत राहतं आणि खरं उत्तर दोन्ही वेळा चुकवतं. ते आहे 10.7 किलोवॅट, 1.074 पर युनिट, सुमारे 247 व्होल्ट.

उपाय एकच: प्रत्येक फेरीत वक्राने सांगितलेल्या बदलाचा काही भागच करायचा. निम्मा घेतला तर शक्ती 1 वरून 0.7, तिथून 0.713, आणि थांबली. तीन पावलांत काम झालं. ओपनडीएसएसच्या इन्व्हकंट्रोलमध्ये डेल्टा-पी आणि डेल्टा-क्यू फॅक्टर याच कामाचे आहेत. आधी ते कमी करा, फेऱ्या नंतर वाढवा. टोकाला बरेच इन्व्हर्टर एकत्र असतील तर फॅक्टर आणखी खाली न्यावा लागतो, कारण सगळे एकाच व्होल्टेजकडे बघून एकदम हलतात. आणि मॉडेल झोके घेतंय म्हणून जाळंही झोके घेईल असा निष्कर्ष अहवालात लिहू नका. त्याच मानकात व्होल्ट-वॅटचा प्रतिसाद वेळ मुळात 10 सेकंदांचा आहे. खरा इन्व्हर्टर हळूहळू सरकतो, तुमच्या सॉफ्टवेअरसारखी एका ढांगेत उडी मारत नाही.

व्होल्ट-व्हार लावूनही लघुदाबावर व्होल्टेज फारसा उतरत नाही, ही तक्रार नव्हेच. तारेचा रोध तिच्या रिॲक्टन्सच्या चौपट असेल तर प्रतिघाती शक्तीला पकड मिळणार कुठून? फक्त एक तपासा: इन्व्हर्टरचा केव्हीए आणि किलोवॅट सारखेच दिले असतील तर भर दुपारी प्रतिघाती शक्तीला जागाच नसते. ओपनडीएसएस मूळ पद्धतीत प्रतिघाती शक्तीला प्राधान्य देतं. 44 टक्के प्रतिघाती शक्ती द्यायची तर सक्रिय शक्ती 90 टक्क्यांच्या खाली येते. ‘वॅट प्रायॉरिटी’ चालू केलं तर उलट होतं. तुमच्या इन्व्हर्टरचं खरं वागणं काय ते त्याच्या कागदपत्रांत बघा, सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगमध्ये नव्हे.

आणि मॉडेल बरोबर असेल तर

एक प्रकार असा उरतो की वरचं सगळं तपासून झालं तरी मॉडेल 257 म्हणतं आणि मीटर 253 च्या वर जातच नाही. रोज दुपारी 252 पर्यंत चढतो आणि तिथून घसरतो. आकडे पुन्हा उकरायच्या आधी मीटरच्या शक्तीच्या नोंदी मिनिटामिनिटाच्या मागवा. उत्पादन चढतंय, एकदम शून्य होतंय, काही मिनिटं तसंच राहतंय, मग पुन्हा चढतंय अशी करवतीच्या दातांसारखी रेघ दिसली तर इन्व्हर्टर जादा व्होल्टेजमुळे स्वतःच जाळ्यापासून सुटतोय. 230 च्या वर 10 टक्के म्हणजे 253. पुन्हा जोडून घेण्याआधी थांबायचा वेळ 1547 मध्ये मुळात 300 सेकंद आहे, त्यामुळे दातांमधलं अंतर बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आसपास भरतं. मॉडेलमध्ये हे सुटणं टाकलेलंच नव्हतं. पंधरा मिनिटांच्या सरासरीत हे दात दिसत नाहीत, फक्त घरमालकाच्या बिलात अपेक्षेपेक्षा कमी निर्यात दिसते. अशा वाहिनीवर मॉडेलचा आकडा मीटरकडे ओढून आणू नका. 257 तसाच ठेवा, सुटण्याचं नियंत्रण त्यावर घाला आणि वाया गेलेले युनिट मोजा.